टी-पेशी कुणाच्या जिवावर जगतात? सायटोकाईनची दुसरी बाजू

मधुमालती
१२ जानेवारी, रात्री ९:४०

कोविडच्या काळात 'सायटोकाईन' हा शब्द घराघरांत पोहोचला, पण पोहोचला तो 'स्टॉर्म'ला चिकटूनच. सायटोकाईन म्हणजे पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात ती छोटी प्रथिनं. टोसिलिझुमॅबच्या एका इंजेक्शनसाठी लोक रात्री-अपरात्री शहरभर फिरत होते. ते औषध म्हणजे आयएल-६ (आयएल म्हणजे इंटरल्यूकिन) नावाच्या सायटोकाईनचा निरोप पेशीपर्यंत पोहोचू न देणारं. म्हणून आजही मी सायटोकाईनवर काम करते म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काळजी उमटते. मला इथे दुसऱ्या बाजूबद्दल लिहायचंय. वादळाचे दिवस थोडे. बाकी सगळ्या दिवसांत हेच रेणू आपल्या रोगप्रतिकारक पेशींना जगवत असतात, आणि 'जगवतात' हे मी शब्दशः म्हणतेय.

प्रयोगशाळेत नवीन होते तेव्हाची गोष्ट. सीटीएलएल-२ नावाच्या, उंदराच्या टी-पेशी (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) माझ्याकडे सांभाळायला दिल्या होत्या. त्यांच्या द्रावणात दर दोन-तीन दिवसांनी आयएल-२ घालावं लागतं. एका शुक्रवारी संध्याकाळी मी द्रावण बदललं, फ्लास्क इन्क्युबेटरमध्ये ठेवला आणि घरी गेले. आयएल-२ची कुपी फ्रीजरमधून बाहेर काढायचीच राहून गेली.

सोमवारी सकाळी दार उघडलं तर द्रावण शुक्रवारइतकंच गुलाबी. जिवंत पेशी खातात, आम्ल सोडतात, दोन दिवसांत रंग केशरी-पिवळ्याकडे झुकतो. गुलाबीच राहिलं याचा अर्थ कुणी जेवलंच नव्हतं. थेंबभर घेऊन त्यात ट्रिपॅन ब्लू मिसळला. जिवंत पेशी हा रंग आत घेत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली ती स्वच्छ, चकाकणारी गोल दिसते. माझ्यासमोर सगळं निळं होतं, कडा फाटलेल्या, मध्येमध्ये नुसता चुरा.

त्या फ्लास्कमध्ये साखर होती, अमिनो आम्लं होती, जीवनसत्त्वं होती, तापमान बरोबर ३७ अंश होतं. नव्हतं ते फक्त एक प्रथिन, तेही मिलिलिटरला नॅनोग्रॅममध्ये मोजावं इतकंसं. पेशी उपाशी मेल्या नव्हत्या. 'जगा' असा निरोप आला नाही म्हणून त्यांनी स्वतःच आपला कारभार आटोपला होता.

लंडनच्या मार्टिन रॅफ यांनी १९९२ साली हा विचार स्पष्ट मांडला: बहुतेक पेशींना जिवंत राहण्यासाठी इतर पेशींकडून सतत संकेत लागतात, आणि ते थांबले की पेशी आत्मघाताचा मार्ग धरते. मरणाची यंत्रणा प्रत्येक पेशीत तयारच असते, शेजारी ती थोपवून धरतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार हलल्यासारखं झालं होतं आणि अजूनही होतं.

आता टी-पेशींपुरतं बोलू. त्यांचा मुख्य आधार आयएल-७. १९८८ साली सिएटलच्या इम्युनेक्स कंपनीतल्या संशोधकांनी तो उंदराच्या अस्थिमज्जेतल्या आधारपेशींमधून शोधला. तिथे तो कोवळ्या बी-पेशी (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढवताना सापडला होता, टी-पेशींशी असलेलं नातं पुढे उलगडलं. टी-पेशी स्वतः आयएल-७ बनवत नाहीत. थायमसमध्ये, म्हणजे टी-पेशी जिथे घडतात त्या छातीतल्या ग्रंथीत, तो अस्तराच्या पेशी बनवतात आणि लिम्फ नोडमध्ये जाळीसारखी चौकट उभी करणाऱ्या पेशी. म्हणजे घर जी बांधते तीच जेवूही घालते.

आत काय घडतं? आयएल-७ चिकटला की रिसेप्टरच्या, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर निरोप झेलणाऱ्या प्रथिनाच्या, दोन साखळ्या जवळ येतात. त्यांच्या आतल्या टोकांना बसलेले जॅक-१ आणि जॅक-३ हे एन्झाइम एकमेकांना चेतवतात. मग स्टॅट-५ नावाच्या प्रथिनाला फॉस्फेट लागतं, त्याची जोडी जमते आणि ती केंद्रकात शिरते. रिसेप्टरपासून केंद्रकापर्यंतचा हा प्रवास काही मिनिटांचा. तिथे जी कामं सुरू होतात त्यांतलं सगळ्यांत मोलाचं म्हणजे बीसीएल-२ तयार होणं, कारण मरणाचं दार दाबून धरणारं प्रथिन ते हेच. १९९७ साली दोन गटांनी आयएल-७चा रिसेप्टर नसलेल्या उंदरांत बीसीएल-२ वरून जास्तीचं पुरवलं, तर हरवलेल्या टी-पेशी परत दिसू लागल्या. निरोपातला मुख्य मजकूर 'मरू नकोस' हाच होता, हे दाखवणारा याहून सुंदर प्रयोग मला माहीत नाही.

हा निरोप मिळाला नाही तर टी-पेशीही घडत नाहीत आणि बी-पेशीही नाहीत. प्रश्न जरूर विचारा, जमेल तसं लिहीत राहीन.


सह्यमित्र
१२ जानेवारी, रात्री १०:१५

ताई, फार छान लिहिलंय. गुलाबी द्रावणाचा परिच्छेद दोनदा वाचला. हे सायटोकाईन हार्मोनसारखे रक्तातून सगळीकडे फिरतात का? की जिथे बनतात तिथल्या तिथेच वापरले जातात?


मधुमालती
१२ जानेवारी, रात्री १०:५०

सह्यमित्र, काही फिरतात, पण जगवणारे बरेचसे जवळच्या जवळ काम करतात. सगळ्यांत टोकाचं उदाहरण आयएल-१५चं. एनके पेशी (संसर्ग झालेल्या पेशींना मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि जुन्या संसर्गाची आठवण ठेवणाऱ्या सीडी८ प्रकारच्या टी-पेशी त्यावर जगतात. तो मोकळा सोडलाच जात नाही म्हटलं तरी चालेल. डेंड्रायटिक पेशी किंवा मॅक्रोफेज तो स्वतःच्याच पृष्ठभागावरच्या एका रिसेप्टर-साखळीवर धरून ठेवतात आणि शेजारून जाणाऱ्या पेशीला तिथूनच देतात. लहान मुलाला आपण घास भरवतो ना, तसं. भरवणारी आणि खाणारी अगदी जवळ यावीच लागते. आयएल-१५ नसलेल्या उंदरात निरोगी उंदराच्या धडधाकट एनके पेशी सोडल्या तरी त्या काही दिवसांत नाहीशा होतात.


कारंजा
१३ जानेवारी, सकाळी ८:०५

मी कारखान्यात कंट्रोल सिस्टिमवर काम करतो, त्यामुळे मला वेगळाच प्रश्न पडलाय. निरोगी माणसात टी-पेशींची संख्या वर्षानुवर्षं साधारण एका पातळीत राहते. मग मोजतं कोण? सेन्सर कुठे बसवलाय? आयएल-७ बनवणाऱ्या पेशींना 'आता कमी झाल्या, उत्पादन वाढवा' हे कसं कळतं?


मधुमालती
१३ जानेवारी, दुपारी १:३०

कारंजा, जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, पण हा प्रश्न नीट उत्तर द्यावं असाच आहे.

वेगळा सेन्सर नाही. आयएल-७ बनवणाऱ्या पेशी तो जवळजवळ ठरलेल्या गतीनेच बनवतात. बदलतो तो खप.

माझं बालपण चाळीत गेलं. मजल्याला एक नळ, सकाळी पाऊण तास पाणी. नळाला बिऱ्हाडं किती याच्याशी देणंघेणं नव्हतं, तो आपल्या धारेनेच यायचा. मे महिन्यात निम्मी बिऱ्हाडं गावी गेली की सगळ्यांचे हंडे भरून वर पिंपही भरायचं. गणपतीत पाहुणे आले की तळ दिसायचा. टी-पेशींचं असंच आहे. त्या वाढल्या की प्रत्येकीच्या वाट्याला आयएल-७ कमी येतो, ज्यांना पुरत नाही त्या गळतात. कमी झाल्या की आयएल-७ शिल्लक पडतो, उरलेल्या पेशी त्या जोरावर जगतात आणि संथपणे विभागूही लागतात. एचआयव्हीत सीडी४ पेशी (टी-पेशींचाच एक प्रकार) घटतात तसा रक्तातला आयएल-७ चढतो, हे २००१ पासून माहीत आहे. केमोथेरपीनंतरही तेच दिसतं. वयाबरोबर थायमस आक्रसत जातो, तरी मोठ्या माणसांत कोऱ्या, म्हणजे अजून कुठल्या जंतूशी गाठ न पडलेल्या, टी-पेशी टिकून असतात त्या मुख्यतः या संथ विभागणीवर.

आणि यात एक गोष्ट आहे जी मला फार आवडते. आयएल-७ मिळाला की टी-पेशी स्वतःच्या पृष्ठभागावरचा आयएल-७चा रिसेप्टर काही काळ कमी करते. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेत आल्फ्रेड सिंगर यांच्या गटाने २००४ साली हे दाखवलं. हंडा भरला की बाजूला व्हायचं, मागच्या बाईला नळ सोडायचा. एकीनेच रिसेप्टर उघडे ठेवून पीत राहायचं ठरवलं तर तेवढ्याच आयएल-७वर कितीतरी कमी पेशी जगल्या असत्या.


कारंजा
१३ जानेवारी, दुपारी २:१०

म्हणजे पुरवठा स्थिर आणि खप हाच फीडबॅक. टाकीत फ्लोट न बसवता पातळी राखल्यासारखं. समजलं, धन्यवाद ताई.


स्टेथोस्कोप
१३ जानेवारी, रात्री ९:००

बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून एक दुरुस्ती सुचवतो. धाग्यात शेवटी 'टी-पेशीही घडत नाहीत आणि बी-पेशीही नाहीत' असं आलंय. उंदरात ते खरं आहे. माणसात मात्र आयएल-७च्या रिसेप्टरचं जनुक बिघडलेल्या बाळांमध्ये टी-पेशी नसतात, पण बी-पेशी आणि एनके पेशी असतात. असे रुग्ण १९९८ साली प्रथम वर्णिले गेले. मुद्दा बारीक वाटेल, पण आमच्याकडे निदान करताना टी, बी, एनके यांपैकी कोण आहे आणि कोण नाही यावरूनच कुठलं जनुक तपासायचं ते ठरतं.

जाता जाता, कारंजांच्या प्रश्नाला जोडून: प्लेटलेटचा हिशोबही असाच चालतो. यकृत थ्रोम्बोपोएटिन बऱ्याच अंशी ठरावीक गतीने बनवतं आणि प्लेटलेट ते शोषून घेतात. प्लेटलेट घटल्या की ते शिल्लक पडतं आणि अस्थिमज्जेला जोर चढतो.


मधुमालती
१३ जानेवारी, रात्री ९:२५

डॉक्टर, अगदी बरोबर. उंदरांच्या सवयीने हात तसा चालला. माणसाच्या बी-पेशी आयएल-७शिवाय घडतात, हे मी स्पष्ट लिहायला हवं होतं. मूळ मजकूर आता बदलता येत नाही, वाचकांनी ही दुरुस्ती लक्षात ठेवावी.


खानदेशी
१४ जानेवारी, सकाळी ७:२०

सगळ्यांना तिळगूळ!

धागा वाचून स्वतःचीच गोष्ट आठवली. धाकट्या भावाला ब्लड कॅन्सर झाला, माझं एचएलए, म्हणजे ऊतींचा प्रकार, जुळलं. स्टेम सेल देण्याआधी रोज एक इंजेक्शन, त्याला 'जीसीएसएफ' म्हणायचे. तिसऱ्या दिवसापासून कंबर, माकडहाड आणि छातीचं मधलं हाड असं ठणकायला लागलं की कूस बदलवेना. ताप नाही, सूज नाही, हाडं मात्र आतून फुगल्यासारखी. पाचव्या दिवशी रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी ४२ हजार. मी हादरलो, म्हटलं भावाचा आजार मला लागला की काय. सिस्टर म्हणाल्या, दादा, हेच तर पाहिजे होतं. मग मशीनवर साडेचार तास, एका हातातून रक्त बाहेर, दुसऱ्यातून आत. भाऊ आता शेती बघतो, त्याची काळजी नाही.

हे इंजेक्शनही सायटोकाईनच का? आणि हाडं का दुखतात?


मधुमालती
१४ जानेवारी, सकाळी ९:४५

तिळगूळ घ्या, गोड बोला! खानदेशीदादा, तुमच्या भावाची बातमी वाचून फार बरं वाटलं.

हो, सायटोकाईनच. नावातलं 'सीएसएफ' म्हणजे वसाहत वाढवणारा घटक. १९६० च्या दशकात मेलबर्नमध्ये रे ब्रॅडली आणि डोनाल्ड मेटकाफ यांनी उंदराच्या अस्थिमज्जेच्या पेशी आगरच्या मऊ थरात ठेवल्या. सोबत इतर पेशी असतील तरच मज्जेच्या पेशींचे पुंजके वाढत. म्हणजे त्या दुसऱ्या पेशी काहीतरी सोडत होत्या. ते 'काहीतरी' इतकं अत्यल्प असतं की शुद्ध करून हातात यायला जवळपास दोन दशकं गेली. जीसीएसएफचं जनुक १९८६ साली हाती लागलं आणि औषध म्हणून अमेरिकेत मान्यता मिळाली १९९१ साली. मेटकाफ आयुष्यभर याच कामात राहिले.

आपली अस्थिमज्जा एरवीही रोज साधारण १०० अब्ज न्यूट्रोफिल बनवते. त्यांचं आयुष्य तोकडं, त्यामुळे भट्टी विझवून चालतच नाही. संसर्ग झाला की रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी, मॅक्रोफेज वगैरे जीसीएसएफ वाढवतात आणि भट्टी भडकते. तुम्हाला तोच निरोप बाहेरून दिला. हाडाच्या आत, जिथे पसरायला जागा नाही, तिथे उत्पादन एकदम वाढलं. दुखण्याचं हे एक प्रमुख कारण मानतात. माकडहाड, छातीचं हाड हीच मोठ्या माणसात मज्जेची ठिकाणं, तुम्ही नेमकी तीच सांगितलीत.

स्टेम सेल बाहेर का आल्या, ते आणखी छान आहे. मज्जेतल्या आधारपेशी सीएक्ससीएल-१२ नावाचा रेणू सोडतात आणि स्टेम सेल त्याच्या ओढीने तिथे बांधलेल्या असतात. जीसीएसएफमुळे तो रेणू कमी होतो आणि न्यूट्रोफिलच्या एन्झाइममुळे बाकीचे दोरही कापले जातात. दावं सुटलं की त्या रक्तात येतात आणि मशीन त्यांना वेचून घेतं. पुढे भावाच्या शरीरात गेल्यावर त्याच ओढीने त्या पुन्हा मज्जेत जाऊन बसल्या.


नर्मदेहर
१४ जानेवारी, दुपारी ४:३०

सगळं वाचलं, उत्तम माहिती. एक साधा प्रश्न आहे, राग नसावा. एवढं सगळं कळलंय तर आयएल-२, आयएल-७ टोचून सरळ इम्युनिटी वाढवता येत नाही का? बाजारात 'इम्युनिटी बूस्टर' म्हणून मिळतं त्याने हेच वाढतं का? घरात ८१ वर्षांचे वडील आहेत, म्हणून विचारतोय.


स्टेथोस्कोप
१४ जानेवारी, रात्री १०:१०

राग कसला, रोज ओपीडीत विचारला जाणारा प्रश्न आहे.

वाढवून पाहिलं गेलंय. एचआयव्हीच्या रुग्णांना नेहमीच्या औषधांबरोबर आयएल-२ देऊन दोन मोठ्या चाचण्या झाल्या, त्यांतल्या एकीत ४००० च्या वर रुग्ण होते. २००९ साली निष्कर्ष आले. सीडी४ पेशी वाढल्या, अगदी ठळक वाढल्या. पण आजारपणं आणि मृत्यू कमी झाले नाहीत. रिपोर्टवरचा आकडा वाढला म्हणजे संरक्षण वाढलं असं समजू नये, हे मी तेव्हापासून विद्यार्थ्यांना सांगतो. किडनीच्या कॅन्सरमध्ये आयएल-२ मोठ्या मात्रेत देतात, तेव्हा रक्तवाहिन्या पाझरायला लागून रक्तदाब कोसळू शकतो, रुग्णाला कडक देखरेखीखाली ठेवावं लागतं.

आणखी एक. १९९१ साली आयएल-२ अजिबात नसलेले उंदीर तयार केले. 'टी-पेशी वाढवणारा घटक' म्हणून ज्याचा १९७६ साली शोध लागला, तोच नाही म्हटल्यावर टी-पेशी कमी पडायला हव्या होत्या. झालं उलटं. टी-पेशी घडल्या, आणि पुढे त्यांनी स्वतःच्याच आतड्यांवर आणि रक्तपेशींवर हल्ले केले. कारण नंतर समजलं: टी-पेशींना आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशींना आयएल-२ सर्वांत जास्त लागतो. शिमोन साकागुची यांनी १९९५ साली या पेशी ओळखल्या त्या सीडी२५ या खुणेवरून, आणि सीडी२५ म्हणजे आयएल-२च्या रिसेप्टरचाच भाग. २०२५ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा आहे. एकच रेणू सैन्यालाही पोसतो आणि सैन्याला आवरणाऱ्यालाही. तो सरसकट वाढवून काय होईल हे कोण सांगणार?

कुठल्याही काढ्याने किंवा गोळीने आयएल-७ योग्य तितका आणि योग्य जागी वाढतो असा पुरावा मी पाहिलेला नाही. वडिलांना फ्लू आणि न्यूमोकॉकलच्या लसी दिल्यात का ते बघा. त्यांचं जेवण, त्यातली प्रथिनं, मधुमेह असेल तर साखर, याकडे लक्ष द्या. त्याचा उपयोग निश्चित आहे.


पैंजण
१५ जानेवारी, पहाटे १:२०

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. धागा पहिल्या दिवसापासून वाचतेय, धीर होत नव्हता.

माझ्या बहिणीचा मुलगा. जन्मला तेव्हा गुटगुटीत होता. तिसऱ्या महिन्यापासून तोंडात पांढरे डाग, औषधाने जायचे, परत यायचे. मग जुलाब, मग न्यूमोनिया. एका दवाखान्यातून दुसऱ्यात. बीसीजीची जागा चिघळून काखेत गाठ आली. पाचव्या महिन्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी जुने सगळे सीबीसी टेबलावर ओळीने मांडले आणि प्रत्येकावर एकाच ओळीखाली पेनने रेघ ओढली. लिम्फोसाइट, म्हणजे टी, बी, एनके या पेशी. प्रत्येक वेळी कमी. तोवर सगळे एकूण पांढऱ्या पेशी बघून 'संसर्ग आहे' म्हणत होते. मग त्यांनी माझ्या आईला विचारलं, तुमच्या माहेरी लहान मुलगे गेलेत का? आईचे दोन भाऊ वर्षाच्या आत गेले होते. माझ्या आजीला लोक म्हणायचे, हिच्या पोटी मुलगा टिकत नाही. आई हे आमच्याशी कधी बोलली नव्हती.

एक्स-लिंक्ड स्किड असं निदान झालं, म्हणजे आईकडून एक्स गुणसूत्रातून आलेला, जन्मतःच प्रतिकारशक्ती नसण्याचा आजार. भाच्याची मोठी बहीण पूर्ण जुळली. बाळ फार अशक्त होतं म्हणून आधी केमो न देताच तिचा बोन मॅरो दिला. आता तो सव्वातीन वर्षांचा आहे, पळतो, खातो. पण दर महिन्याला अजून इम्युनोग्लोब्युलिन चढवावं लागतं.

माझे दोन प्रश्न आहेत. बहिणीच्या पेशी लागल्या, टी-पेशी आल्या, तर मग अँटिबॉडी बाहेरून का द्याव्या लागतात? आणि दुसरा, एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं 'थायमसची सावली दिसत नाही'. जो थायमसच नव्हता त्यात नव्या टी-पेशी तयार कुठून झाल्या? डॉक्टरांना विचारायचं राहून जातं. तिथे गेल्यावर मुलाकडेच लक्ष असतं.


मधुमालती
१५ जानेवारी, रात्री ८:३०

पैंजण, तुझा प्रतिसाद सकाळीच वाचला. घाईत उत्तर द्यायचं नव्हतं. अगं-तुगं करतेय, चालेल ना?

तुझ्या भाच्याचं जे जनुक बिघडलं आहे त्याचा इतिहास आमच्या क्षेत्रात सगळे जाणतात. ह्यूस्टनमध्ये १९७१ साली डेव्हिड व्हेटर जन्मला. त्याचा मोठा भाऊ याच आजाराने आधी गेला होता, म्हणून डेव्हिडला जन्मल्याबरोबर निर्जंतुक प्लास्टिकच्या कक्षात ठेवलं. तो बारा वर्षं त्यातच वाढला. १९८३ साली बहिणीचा बोन मॅरो दिला, पण तो पूर्ण जुळणारा नव्हता आणि त्यातून एपस्टाईन-बार विषाणू गेला. त्यामुळे झालेल्या लिम्फोमाने फेब्रुवारी १९८४ मध्ये तो वारला. कारण काय, कुठलं जनुक, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

१९९२ साली जपानमध्ये सेंदाईच्या संशोधकांना आयएल-२च्या रिसेप्टरची तिसरी साखळी सापडली. तिला गामा म्हणतात. पुढच्या वर्षी एनआयएचमध्ये वॉरन लेनर्ड यांच्या गटाने दाखवलं की तिचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि या मुलांमध्ये तेच बिघडलेलं आहे. पण कोडं पडलं. आयएल-२ नसलेल्या उंदरात टी-पेशी घडतात, हे डॉक्टरांनी वर सांगितलंच आहे. मग आयएल-२च्या रिसेप्टरचा एक भाग बिघडल्यावर एकही टी-पेशी का नाही? उत्तर त्याच वर्षी येऊ लागलं. गामा साखळी एकट्या आयएल-२ची नाही. आयएल-४, आयएल-७, आयएल-९, आयएल-१५, आयएल-२१, सहा जणांचा तो सामाईक कान आहे. आयएल-७ ऐकू येत नाही म्हणून टी-पेशी नाहीत. आयएल-१५ ऐकू येत नाही म्हणून एनके पेशी नाहीत.

यातून तुझा पहिला प्रश्न सुटतो. केमो दिला नसल्याने भाच्याच्या स्वतःच्या बी-पेशी बहुधा तशाच राहिल्या असणार. त्या असतात, डॉक्टर म्हणाले तसं, आयएल-७शिवायही माणसात घडतात. पण चांगली अँटिबॉडी बनवायला बी-पेशीला टी-पेशीकडून आयएल-२१चा निरोप लागतो आणि तोही गामा साखळीतूनच जातो. बहिणीकडून आलेल्या टी-पेशी सांगतात, त्याच्या बी-पेशींना ऐकू जात नाही. आयएल-७चा रिसेप्टर बिघडलेल्या बाळांमध्ये प्रत्यारोपणानंतर स्वतःच्या बी-पेशीसुद्धा चांगलं काम करतात, कारण त्यांची गामा शाबूत असते. त्याच्या बी-पेशी कुणाच्या आहेत हे तपासता येतं. पुढच्या भेटीत 'बी-पेशींचं कायमेरिझम काय आहे' एवढं एकच वाक्य कागदावर लिहून ने.

आता थायमस. सावली दिसली नाही याचा अर्थ थायमस नव्हता असा नाही. तान्ह्या बाळाचा थायमस एक्स-रेवर शिडासारखा रुंद दिसतो, तो आत खचाखच भरलेल्या कोवळ्या टी-पेशींमुळे. भाच्याच्या थायमसमध्ये राहायला कुणी आलंच नव्हतं. रिकामं घर आक्रसून छातीच्या हाडामागे बसलं होतं, पण अस्तराच्या पेशी होत्या. आणि त्या आयएल-७ बनवत होत्या, कारण ते काम त्यांचं, त्यांच्या गामा साखळीशी त्याचा काही संबंध नाही. बाळ पोटात असल्यापासून निरोप जात होता. ऐकू शकणारी पेशी येत नव्हती, इतकंच.

बहिणीच्या मज्जेतून ती आली. मग दुसरी बाजूही सुरू झाली. वाढणाऱ्या टी-पेशी उलट अस्तराच्या पेशींना रँक-लिगँडसारखे संकेत देतात, त्याने थायमसचा गाभा प्रौढ होतो. घर पोसतं आणि घरात राहणारे घर बांधून काढतात. म्हणून प्रत्यारोपणानंतर या मुलांचा थायमस भरतो. पॅरिसमध्ये आलँ फिशर आणि मारिना काव्हाझाना-काल्व्हो यांनी याच आजारासाठी जनुक-उपचार केले, त्याचा पहिला अहवाल २००० सालचा. तिथेही केमो दिला नव्हता. दुरुस्त झालेल्या पेशी मोजक्याच होत्या, पण ऐकू येणाऱ्या तेवढ्याच, त्यामुळे सगळा आयएल-७ त्यांच्याच वाट्याला आला आणि त्या भरभर वाढल्या. पुढे काही मुलांना ल्युकेमिया झाला, कारण जनुक वाहून नेणारा विषाणू चुकीच्या जागी जाऊन बसला होता. त्यानंतर वाहक बदलले गेले.


स्टेथोस्कोप
१५ जानेवारी, रात्री १०:४५

पैंजण, त्या डॉक्टरीणबाईंना माझा नमस्कार सांगा. सगळे सीबीसी ओळीने मांडणं, यातच निम्मं निदान आहे. काही महिन्यांच्या बाळात लिम्फोसाइट मोठ्यांपेक्षा बरेच जास्त असतात. आकडा वारंवार ३००० च्या खाली येत असेल तर थांबून विचार करायलाच हवा. अमेरिकेत २००८ साली विस्कॉन्सिनपासून नवजात बाळांच्या टाचेच्या रक्ताच्या थेंबावर ही तपासणी सुरू झाली आणि २०१८ च्या अखेरीस सगळ्या राज्यांत पोहोचली. आपल्याकडे अजून ती सरसकट होत नाही, म्हणून घरचा इतिहास फार मोलाचा.

वाचणाऱ्या सगळ्यांना हात जोडून सांगतो: घरात आईच्या बाजूचे मुलगे, म्हणजे मामा, आईचे मामा, मावसभाऊ, तान्हेपणी संसर्गाने गेले असतील तर बाळाला बीसीजी, तोंडावाटे पोलिओ किंवा रोटाव्हायरसची लस देण्याआधी डॉक्टरांना ते सांगा. या जिवंत लसी आहेत. निरोगी बाळाला त्या द्यायलाच हव्यात, पण टी-पेशी नसलेल्या बाळात लसीतला जंतूच पसरतो. मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तशास्त्र संस्था आहे, तिथे या आजारांचं निदान होतं. तुमचे बालरोगतज्ज्ञ तिथे नमुना पाठवू शकतात.

आणि पैंजण, तुम्हीही तपासून घ्या. आई वाहक असेल तर तुम्ही वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे.


पैंजण
१६ जानेवारी, रात्री ११:०५

ताई, अगं-तुगंच कर. डॉक्टर, माझी तपासणी पुढच्या आठवड्यात ठरवलीय.

आज आईला फोनवर सगळं वाचून दाखवलं. थायमसचा भाग तिने दोनदा वाचायला लावला. मग विचारलं, म्हणजे माझ्या भावांच्या अंगातही हा निरोप जात होता का? मी म्हटलं, हो, तोच आजार असेल तर जात होता. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, हे आईला कुणी सांगितलं असतं तर.

कायमेरिझम हा शब्द मी बहिणीच्या फाईलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय. अपॉइंटमेंट २३ तारखेची आहे, रिपोर्ट आला की इथेच लिहीन.